महाराजांनी हिरवा केलेला पडदा

करंजाडेतल्या त्या इस्पितळात सकाळपासून पेशंट कमी आणि भक्तच जास्त होते. हातात हार, नारळ, नाकात अगरबत्तीचा धूर, आणि सगळ्यांच्या नजरा भिंतीवरच्या, यंत्रांचे बिघाड दाखवणाऱ्या मोठ्या पडद्यावर. आठवडाभर त्यावर लाल ओळी पेटत होत्या. आता पडदा हिरवागार!

"राखणदार शांत झाला!" कुणीतरी ओरडलं, आणि चंदननाथ महाराजांच्या पायांवर लोटांगणं सुरू झाली.

उरणहून आलेली वेणू कोळीणही रांगेत होती. तिच्या सुनेचं, मैनेचं, आज ऑपरेशन. रक्त लागणार होतं. वेणूने महाराजांपुढे नारळ ठेवला. "बाबा, माजी मैना सुकरूप घरी येव दे."

चमत्कार कालचा. इस्पितळ जुन्या खाजणावर, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीवर उभं आहे. बांधताना तिथली जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला मान द्यायचा राहिला आणि तोच आता तारांतून फिरतोय, असं महाराजांनी सांगितलं. मालक दिनानाथशेठ टरकले. सर्व्हरच्या कपाटाला लिंबू-मिरची बांधली, नारळ फोडला. "सर्वांनी डोळे मिटा! जो उघडेल त्याची दृष्टी जाईल!" महाराज गरजले. डोळे उघडले तर पडदा हिरवा.

अंकिता इस्पितळाचे संगणक आणि नेटवर्क सांभाळायची. काल ती रजेवर होती. आज हा तमाशा पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाल ओळींत भूतबीत काही नव्हतं. रक्तपेढीचा फ्रीज मधूनमधून गरम होत होता. दुरुस्तीचं कंत्राट भावेशचं. "पार्ट येतोय" एवढंच तो रोज ऐकवत होता. महाराजांना इस्पितळात आणणाराही तोच.

अंकिता पडद्यासमोर थांबली. एकही ओळ नाही? कागद संपला म्हणून काउंटरवरचा प्रिंटर रोज कुरकुरतो. त्याची ओळसुद्धा नाही?

तिने प्रिंटरमधले सगळे कागद काढून घेतले. पडदा हिरवाच.

"बघा! प्रिंटरलाही मुक्ती मिळाली!" महाराजांनी हात उंचावले. टाळ्या पडल्या.

"मुक्ती? थांबा, दाखवते तुमची मुक्ती." अंकिता सर्व्हरच्या खोलीत गेली. तिथे एक छोटा प्रोग्रॅम मागे अखंड चालू असतो. यंत्रं बिघडली की नेटवर्कवरून हाक मारतात. तो ती ऐकतो, वेळेसकट लिहून ठेवतो आणि पडद्यावर लाल ओळ दाखवतो. तो बंद होता. शेवटची नोंद काल आरतीच्या वेळची. त्यापुढे भावेशच्या नावाने कुणीतरी तो थांबवल्याची खूण.

तिने तो सुरू केला, बाहेर आली, प्रिंटरमध्ये कागद घातले आणि सगळ्यांसमोर पुन्हा काढले. पडद्यावर लाल ओळ उमटली.

"तुम्ही डोळे मिटलेत आणि भावेशने बटणं दाबली! राखणदार गेला नाही, भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधलं या लोकांनी!"

"मॅडम, महाराज बोलले म्हणून मी फक्त जरा वेळ..." भावेशचा चेहरा उतरला.

दिनानाथशेठ मात्र हट्ट सोडेनात. "पन फ्रीजची लाल ओल कुटं आली? म्हंजे फ्रीज बरा झालाच ना?"

"शेठ, तो बिघडला त्या क्षणीच ओरडतो. ऐकणारं कुणी नसेल तर ती हाक वाया जाते. तो पुन्हा सांगत बसत नाही!" एवढं बोलून ती रक्तपेढीकडे धावली. मागोमाग अख्खी गर्दी.

फ्रीजवरचा आकडा पाहून तिने दार उघडलं. आत थंडावाच नव्हता. फ्रीजचा भोंगा भावेशने मागेच काढून ठेवला होता, पेशंटची झोपमोड होते म्हणून! आणि मैनेच्या नावाच्या रक्ताच्या पिशव्या बाहेर काढून ट्रॉलीवर ठेवलेल्या होत्या.

"फ्रीज बघितला नाहीत?" तिने तिथल्या माणसाला विचारलं.

"पडदा हिरवा होता ना, मॅडम. म्हटलं, महाराजांनी ठीक केलं असणार."

"किती वेळ गरम आहे हे? कुणाला सांगता येईल? नोंदच बंद केलीत! यातली एकही पिशवी आता द्यायची नाही!"

डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं. दुसऱ्या रक्तपेढीतून रक्त मागवलं. ते येईपर्यंत मैना भूल न देता तशीच पडून राहिली, पण जिवंत राहिली. शेठनी स्वतः पोलिसांना फोन लावला.

महाराज मागच्या दाराने सटकत होते. वाटेत वेणू आडवी आली.

"तं रक्त माजे सुनंला चढवला असता तं? तुजा राखणदार आला असता काय वाचवाला?"

महाराज मंत्र पुटपुटू लागले.

"मंतर नको! डोले मिटाला सांगतोस ना? मी आता मिटनार नाय!" तिने मागे फिरून, महाराजांपुढे ठेवलेला आपला नारळ उचलून घेतला.

अंकिताने कपाटाची लिंबू-मिरची ओरबाडून कचऱ्यात टाकली. मग गर्दीकडे वळली.

"लाल ओळ दिसली की घाबरा, पण पळा ते यंत्राकडे, बाबाकडे नाही. आणि कुणी डोळे मिटायला सांगितलं, तर तेवढा वेळ तरी डोळे टक्क उघडे ठेवा."

वेणू नारळ पोटाशी धरून ऑपरेशनच्या दाराशी जाऊन बसली आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागली, "रक्त कुटना आणला? थंड हाय ना? तुमी सोता बघितला ना?"