घड्याळाच्या काचेतला थेंब

मित्रांनो, राईचा पर्वत करू नये असे मोठी माणसे तुम्हाला सांगतात. माझा तर तो धंदाच आहे. मी एक जुने भिंग आहे. दांडीला धरून वर्तमानपत्र वाचतात तसले नव्हे. घड्याळे दुरुस्त करणारी माणसे एका डोळ्यात अडकवतात, तसले काळ्या वाटीत बसवलेले छोटे भिंग. माझ्या काठाचा एक टवका उडाला आहे आणि वाटीचा काळा रंग भुवईला घासून घासून विटला आहे.

मी आधी काचेचा एक जाडजूड ठोकळा होते. एका कारागिराने मला ओल्या भुकटीवर फिरवत बरेच दिवस घासले. तोवर मला सगळे धुरकटच दिसे. शेवटची झिलई झाल्यावर त्याने मला खिडकीच्या उजेडात धरले आणि माझ्यातून स्वतःचे बोट पाहिले. त्या बोटावरच्या रेषा मला नांगरलेल्या शेतासारख्या दिसल्या. एवढेसे बोट आणि त्यावर एवढे मोठे शेत! मी थक्क झाले. इतक्या वर्षांत सवय व्हायला हवी होती, पण ती काही झाली नाही.

पुढे मी एका घड्याळवाल्याकडे आले. आता ते आजोबा झाले आहेत, म्हणून त्यांना आजोबाच म्हणते. जिन्याखालच्या खोलीत त्यांचे दुकान होते. एक टेबल, वाकलेल्या मानेचा दिवा, चिमटे, आणि धूळ उडवायचा रबरी फुगा. त्यांचे दोन नियम होते. न बघता हात लावायचा नाही, हा पहिला. कण दिसला की काढायचा, हा दुसरा. "कण म्हणजे बिघाड," असे ते म्हणत. मी कण दाखवायचे, ते फुग्याने फुंकर मारायचे. मग घड्याळ कानाशी नेत आणि म्हणत, "चालू आहे!" तेवढ्या दोन शब्दांनी गिऱ्हाइकाचा चेहरा खुले. "माझा खरा डोळा हा," असे म्हणून आजोबा मला मऊ फडक्याने पुसत, तेव्हा मी मनातल्या मनात फुशारून जाई.

मग लोक मोबाइलवर वेळ बघू लागले. आजोबांचा हातही कापू लागला आणि बारीक स्क्रू चिमट्यातून निसटू लागले. दुकान बंद झाले. घड्याळांच्या सुट्या काचांबरोबर माझी रवानगी बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात झाली आणि डबा कपाटाच्या तळाशी गेला. गरज सरो, वैद्य मरो! खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटले आणि रागही आला. सगळ्यात जास्त कंटाळा आला, कारण अंधारात मोठे करून दाखवण्यासारखे काहीच नसते.

आता घरात काय घडले ते ऐका. मी तेव्हा डब्यात होते, पण आजोबांच्या नातीने नंतर ते इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितले की मला पाठ झाले आहे. या नातीला घरात भुणभुण म्हणतात. एकदा प्रश्न तिच्या तोंडून सुटला की उत्तर मिळेपर्यंत तो तुमच्या कानाशी फिरत राहतो. तिच्याकडे काचेच्या टाकीत एक सोनेरी मासा होता. मासा कसला, चांगली गोल गरगरीत मासोळी! खायची वेळ झाली की पुढच्या काचेशी येऊन ती पोट पुढे काढून उभी राही, म्हणून तिचे नाव शेठाणी. भुणभुणचा शेठाणीवर फार जीव. शाळेतून आली की दप्तर पाठीवर तसेच ठेवून ती आधी तिच्याशी बोले.

एकदा मैत्रिणीने तिला आपल्या टाकीतली हिरवी वनस्पती दिली. ती लावल्यावर दुसऱ्याच दिवशी पाण्यात पांढुरके ठिपके उड्या मारताना दिसू लागले.

"आजोबा, पाण्यात किडे झालेत!"

आजोबांनी चष्मा सावरून पाहिले आणि त्यांच्यातला जुना घड्याळवाला जागा झाला. "कण म्हणजे बिघाड!" ते म्हणाले आणि त्या टाकीच्या हात धुऊन मागे लागले. शेठाणीला बादलीत ठेवले. तळाचे खडे उकळून काढले. पाणी गाळायच्या यंत्रातला तपकिरी, बुळबुळीत स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. सगळे जुने पाणी ओतून दिले आणि नवे भरले. ती वनस्पती भुणभुणने हट्टाने एका बरणीत घालून खिडकीत ठेवली, म्हणून तेवढी वाचली.

टाकी कशी आरशासारखी लखलखू लागली. पण दिवस उलटले तशी शेठाणी मलूल झाली. पंख मिटून तळाशी बसू लागली. कल्ले भराभर हलत आणि समोर टाकलेले खाणे ती तोंडातही घेईना. भुणभुणची भुणभुण थांबली. घर इतके गप्प झाले की तिच्या आईला पंख्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

"किड्यांनीच पोखरलंय तिला," आजोबा म्हणाले. ते बाजारातून किडे मारायच्या औषधाची बाटली घेऊन आले. झाकण उघडले आणि बाटली टाकीवर तिरपी धरली.

तेव्हा भुणभुण म्हणाली, "आजोबा, तुम्ही घड्याळ न बघताच तेल घालायचात का?"

आजोबांचा हात थांबला. बाटली खाली ठेवून ते कपाटापाशी गेले. डब्याचे झाकण करकरले आणि माझ्यावर उजेड पडला. आजोबांनी मला शर्टाच्या टोकाने पुसले. ते फडके नव्हते, पण मी तक्रार केली नाही.

आधी शेठाणीची पाळी आली. टाकीच्याच पाण्याने भरलेल्या उथळ भांड्यात तिला अलगद ठेवले आणि आजोबा माझ्यासह तिच्यावर वाकले. खवले, पंख, कल्ल्यांच्या कडा, सगळीकडे आम्ही डोळ्यात तेल घालून पाहिले. माशाला खाणारा किडा त्याच्या अंगाला चिकटून बसलेला असतो, त्याची जखम दिसते. शेठाणीच्या अंगावर काहीच नव्हते. सोन्याच्या चकत्या नीट ओळीने बसवाव्यात तसे तिचे खवले होते, आणि त्यांच्या मधोमध तिचा थकलेला डोळा.

"मग ते ठिपके कोण होते?" भुणभुणने विचारले. तिची भुणभुण परत सुरू झाली होती. वनस्पतीबरोबर वाचलेले ते ठिपके आता खिडकीतल्या बरणीत भरपूर वाढले होते.

आजोबांनी डब्यातून मनगटी घड्याळाची एक सुटी काच काढली आणि बशीसारखी उताणी ठेवली. तिच्यात बरणीतला एक थेंब सोडला, खाली पांढरा कागद सरकवला आणि दिवा वाकवला. दोन्ही कोपर टेबलावर टेकले. मित्रांनो, कापणाऱ्या हाताने स्क्रू धरता येत नाही, पण बघायला हात लागतच नाहीत.

त्या थेंबात काय होते, ते सांगताना आजही मी भांबावते. तिथे एक काचेचा जीव होता. माझ्यापेक्षाही पारदर्शक! खसखशीच्या दाण्याएवढे त्याचे अंग, फांद्यांसारखे दोन हात, आणि कपाळात एकच काळा डोळा. तो डोळा सारखा थरथरत होता. एका डोळ्याने जग बघणारे आम्हीच, असे मला आजवर वाटत होते. त्याच्या पाठीच्या पिशवीत त्याची पिल्ले दाटीवाटीने बसली होती, आणि पिशवीच्या वर, अगदी पाठीशी, काहीतरी उघडमीट करत होते. भराभर, न थांबता, सेकंदकाट्यापेक्षाही घाईने.

आजोबा श्वास रोखून पाहत राहिले. मला त्यांच्या पापणीची ओल लागली.

"काय दिसतंय? आजोबा, काय दिसतंय?"

"काळीज आहे गं," आजोबा हळूच म्हणाले. "चालू आहे!"

किती वर्षांनी मी ते शब्द ऐकले! आयुष्यभर मी घड्याळांची पोटे पाहिली, पण त्यांना कोणीतरी किल्ली द्यावी लागे. या कणाला किल्ली कोणी दिली होती? मग भुणभुणने मला डोळ्याला लावले आणि ती चक्क गप्प बसली. मग तिच्या आईने पाहिले. तिने मोबाइलचा कॅमेरा माझ्या पाठीला टेकवून फोटो काढला. ज्या मोबाइलने आमचे दुकान बंद पाडले, तोच आज माझ्या डोळ्याला डोळा लावून बसला होता.

फोटो त्या मैत्रिणीच्या आईकडे गेला. तिच्याकडे बऱ्याच वर्षांपासून मासे होते. लगेच तिचा फोन आला.

"या पाणपिसवा आहेत. अगदी निरुपद्रवी. खाणं जास्त पडलं की वाढतात, कमी केलं की कमी होतात. उलट माशांचा खाऊच तो. काका, पण टाकी धुतलीत का तुम्ही?"

"चकाचक!" आजोबा म्हणाले.

"आणि स्पंज?"

"पांढराशुभ्र केला."

मग ती म्हणाली, "अहो काका, त्या मळकट स्पंजातच पाणी साफ करणारे जीव राहतात. माशाची घाण तेच पचवतात. ते गेले की पाणी दिसतं स्वच्छ, पण विषारी होतं."

"अति तेथे माती," भुणभुणची आई पुटपुटली. आजोबा खुर्चीत बसले. त्यांचे तोंड एवढेसे झाले होते.

पण ते फार वेळ बसले नाहीत. चपला घालून ते मैत्रिणीच्या घरी गेले आणि तिच्या टाकीतल्या जुन्या स्पंजाचा तुकडा पाण्याच्या डब्यात घालून आणला. ज्यांनी जन्मभर धुळीच्या कणाशी वैर केले, ते आजोबा तो तपकिरी, बुळबुळीत तुकडा छातीशी धरून जिना चढत होते! स्पंज यंत्रात बसवला. रोज थोडे पाणी बदलायचे ठरले. औषधाची बाटली न वापरताच परत गेली.

त्या तुकड्यातला एक थेंबही आजोबांनी काचेत ठेवला आणि मला डोळ्याला लावले. मी सगळे बळ एकवटले. काहीच दिसले नाही, नुसते पाणी. भुणभुणची आई म्हणाली, "बाबा, ते भिंगाच्याही पलीकडचे आहेत." मला लाज वाटायला हवी होती, पण आनंदच झाला. अजून केवढे तरी उरले होते!

काही दिवसांनी शेठाणीने पंख उघडले. कोरडे खाणे मात्र ती अजून तोंडात धरेना. भुणभुणने चमच्यात थोड्या पाणपिसवा घेतल्या आणि ती अडखळली.

"आजोबा, यांची काळजं..."

"हो बाळा. म्हणून मोजक्याच द्यायच्या. बाकीच्या बरणीत राहू देत."

तिने चमचा पाण्यात कलता केला. ठिपके उड्या मारत पसरले. शेठाणी हलली, वर आली, आणि तिने एक ठिपका टिपला. मग दुसरा. भुणभुण एवढ्याने ओरडली की खालच्या मजल्यावरची माणसे वर आली. आजोबांनी मला डोळ्यावरून काढले, कारण भरल्या डोळ्यांना भिंगातून दिसत नाही.

आता माझी जागा खिडकीत, बरणीशेजारी आहे. गल्लीतली मुले डबकी, कुंड्या, पन्हाळी यांतले थेंब घेऊन येतात आणि आजोबा एकेक थेंब घड्याळाच्या काचेत ठेवतात. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. एखादा बारीक जीव दिसला तर त्याच्यावर हात उचलण्याआधी त्याला डोळा लावा. मला जपून वापरा, मऊ फडक्याने पुसा. पण सगळे मला दिसते, असे मात्र समजू नका. शेठाणी आता काचेशी पोट पुढे काढून उभी आहे, आणि तिचे प्राण ज्यांनी वाचवले, ते मला अजून एकदाही दिसलेले नाहीत.