ओढ्यावरची शीव

दिनकररावांना एक गोष्ट सांगायला फार आवडायची, आणि गावाने ती इतक्यांदा ऐकली होती की ते नुसते खाकरले तरी लोक उठायची तयारी करायचे. पंचवीस वर्षांपूर्वी ते कोरटगावचे सरपंच होते. एका सकाळी गाव विरुद्ध वस्ती अशी काठ्या उगारण्याची वेळ आली होती, आणि त्यांनी एका कागदावर सारं भांडण मिटवलं होतं. "रगताचा थेंब सांडू दिला न्हाई," असं म्हणून ते गोष्ट संपवायचे. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त ही गोष्ट आपण ओढ्याच्या अलीकडच्या माणसांनाच सांगत आलो, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

घडलं होतं ते असं. धरणात गाव गेलेली तीसेक लिंगायत घरं कोरटगावच्या शिवारात, ओढ्यापलीकडे येऊन वसली. पुढच्याच वर्षी त्यांच्यातल्या मल्लिकार्जुनची आई बसम्मा वारली. लिंगायतांत माणूस जाळत नाहीत, बसवून पुरतात. वस्तीने पलीकडच्या गायरानाच्या कडेला खड्डा खणला, आणि गायरानाला लागून ज्यांची शेतं होती ते आडवे आले. गावाच्या शिवेत नवी दफनभूमी होऊ द्यायची नाही, असा त्यांनी हेका धरला. गायरान शिवेतच होतं. शिवेचा दगड त्याच्याही पुढे, पार माळावर. इकडे बसम्माला फुलं घालून बसवलेलं, विधीला आलेले जंगमस्वामी ताटकळलेले, आणि मे महिन्याचं ऊन चढत चाललेलं.

तेव्हा दिनकररावांनी डोकं चालवलं. प्रेत हलत नाही, माणसं हलत नाहीत, तर शीवच हलवावी. गावाची हद्द ओढ्यापर्यंत, असा ग्रामसभेचा ठराव त्यांनी उभ्या उभ्या लिहिला. शीव ओढ्यावर आली की गायरान आपोआप गावाबाहेर गेलं. गावाचा शब्द राहिला, बसम्माला मातीही मिळाली. दुपारच्या आत सगळं पार पडलं, कागद ग्रामपंचायतीच्या कपाटात गेला, आणि शिवेचा दगड माळावर होता तिथेच राहिला.

तो कागद बाहेर निघाला तो यंदा, आणि तोही विधानसभेमुळे.

जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांच्या मतदारसंघांच्या फेररचनेचं विधेयक सभागृहात आलं होतं. न्यायालयाने त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली होती: लोकसंख्या शक्य तेवढी सारखी ठेवा, नदी-ओढे ओलांडू नका, गावाने स्वतः नोंदवलेली हद्द मोडू नका. यावर दोन दिवस वादळी चर्चा झाली. दिनकररावांनी ती पारावर बसून मोबाइलवर ऐकली. पेशाने वकील असलेल्या एका आमदारांचं म्हणणं होतं की नकाशा ज्याच्या हातात, त्याच्या सोयीने रेघ फिरते. म्हणून न्यायालयाची तत्त्वं शब्दाला शब्द कायद्यात घातली पाहिजेत. राजेश्रीताई म्हणून एक आमदार होत्या, त्यांनी उलट विचारलं की माणसं दळण कुठे दळतात, पोरं कुठल्या शाळेत जातात, हे ओढ्याला ठाऊक असतं का? रेघ ओढताना लोकांचा व्यवहार बघायचा नाही, तर मग लोकांना मत तरी कशाला द्यायचं? दिनकररावांना दोघांचंही पटलं, आणि त्यामुळे ते जरा वैतागलेच. शेवटी विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, आणि समिती जिल्ह्याजिल्ह्यांत सुनावणी घेत फिरू लागली.

समितीपुढे परभणी जिल्ह्याचा कच्चा नकाशा आला. त्यात पंचायत समितीचा एक सदस्य निवडून देणारा भाग, म्हणजे गण, असा पाडला होता की रेघ थेट कोरटगावच्या ओढ्यातून गेली होती. गाव एका गणात, वस्ती दुसऱ्या. वस्तीच्या गणाचं मुख्य गाव बावीस किलोमीटरवर, देवगाव फाट्याच्याही पलीकडे. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'नैसर्गिक सीमा, तसेच ग्रामसभेचा ठराव.'

दिनकररावांचा मुलगा गोपाळ आता सरपंच होता आणि पंचायत समितीला उभा राहणार होता. वस्तीची दोनशे मतं त्याला कधी पडली नव्हती, पुढेही पडण्यातली नव्हती. नकाशा पाहून तो चारचौघांत गंभीर राहिला आणि घरी येऊन त्याने जिलेबी मागवली. समितीने तेव्हाचे सरपंच म्हणून दिनकररावांना बोलावलं, तेव्हा त्याने वडिलांना फार काही पढवलं नाही. सही तुमचीच आहे ना, मग हो म्हणायचं आणि यायचं, एवढंच तो म्हणाला. दिनकररावांनाही त्यात अवघड काही वाटलं नाही. सही त्यांचीच होती.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मल्लिकार्जुन आला. या घरी तो सहसा येत नसे. दिनकररावांच्या पत्नी पार्वतीबाईंनी चहा दिला, तो त्याने घेतला, आणि मग शांतपणे बोलला. आमची पोरं तुमच्या शाळेत, रेशन तुमच्या दुकानातून, दवाखाना इथलाच. मत तेवढं तिकडं गेलं तर तिकडून निवडून येणारा ओढा ओलांडणार नाही, आणि इकडचा म्हणेल की तुम्ही माझे नव्हेतच. पंचवीस वर्षं झाली, आम्ही नेमके कुठले ते एकदा ठरू द्या.

"मी तुमाला खोटं बोला म्हनत न्हाई, पाटील," तो उठताना म्हणाला. "शीव कुठं हाय, तेवढं सांगा."

दिनकररावांनी बघतो म्हटलं. खरं तर त्यांना त्याचा थोडा रागच आला. ज्याच्या आईला आपण माती मिळवून दिली, त्याने आपल्यालाच जाब विचारावा, हे त्यांना लागलं होतं.

परभणीला सुनावणीच्या सभागृहात पंखे होते, पण हवा नव्हती. ते दोघे आमदार समितीतही होते, त्यामुळे तोच वाद पुन्हा सुरू झाला. राजेश्रीताईंनी वस्तीची बाजू धरली. वकील आमदार सौम्यपणे म्हणाले की त्यांना वस्तीशी वैर नाही. पण एका गावासाठी अपवाद केला की उद्या प्रत्येक पुढारी आपल्या सोयीचा अपवाद घेऊन येईल, आणि न्यायालयाने जे दार बंद केलं ते पुन्हा सताड उघडेल. दिनकररावांनी मागे गोपाळकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, हा वकील उगीच बोलत नाही.

मग वकील आमदारांनी तो जुना ठराव मागवला आणि सचिवाला वाचायला सांगितला. सचिवाने हद्दीचा मजकूर वाचला आणि शेवटची ओळही वाचली: सूचक, सरपंच दिनकरराव, अनुमोदक, मल्लिकार्जुन.

हे दिनकरराव साफ विसरले होते. वस्तीने पुढे तक्रार करू नये म्हणून अनुमोदक वस्तीतला घ्यावा, ही अक्कलही त्यांचीच होती.

वकील आमदार म्हणाले, अनुमोदन वस्तीनेच दिलेलं आहे, मग आता हरकत कसली? मल्लिकार्जुन उभा राहिला. आवाज चढवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"सायेब, माजी माय बसवून ठिवली व्हती. ऊन लय व्हतं. पाटलानं कागद म्होरं केला, सही कर म्हनले, म्हंजी माती देता येती. मी वाचला न्हाई. त्या घडीला कुनी माजं घर लिहून मागितलं असतं, तरी मी दिलं असतं."

एवढं बोलून तो खाली बसला.

दिनकररावांना ती सकाळ आठवली, पण या वेळी त्यांच्या गोष्टीत होती तशी नाही. पेन त्यांचंच होतं. टोपण काढून त्यांनी ते मल्लिकार्जुनच्या हातात दिलं होतं, आणि सही होताच आधी पेन परत खिशाला लावलं होतं. त्या माणसाच्या तोंडाकडे आपण पाहिलंच नव्हतं. पंचवीस वर्षं ज्याला आपण तडजोड म्हणत आलो, ती आईचं प्रेत अडवून मुलाकडून लिहून घेतलेली गोष्ट होती. त्यांना लाज वाटली. म्हातारपणी अशी लाज वाटेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं, आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना कळेना.

अध्यक्षांनी त्यांना विचारलं की ओढा ही गावाची पूर्वापार हद्द आहे का. मागे गोपाळने मान हलवून हो म्हणण्याची खूण केली.

"न्हाई," दिनकरराव म्हणाले. "शीव माळावर हाय. वड्यावर मी आनली."

"म्हणजे ठराव खोटा आहे?" वकील आमदारांनी विचारलं.

"सही खरी हाय. ठराव खोटा हाय."

समितीत बराच वेळ कुजबुज झाली. राजेश्रीताईंना रेघ तिथल्या तिथे पुसावी असं वाटत होतं; वकील आमदारांचं म्हणणं पडलं की दोन म्हाताऱ्यांच्या तोंडी शब्दावर लेखी नोंद उलटवली, तर तत्त्वांना अर्थच उरणार नाही. अखेर अध्यक्षांनी मधला मार्ग काढला. गावाच्या कागदाला गावाचाच कागद उत्तर देऊ शकतो. पंधरा दिवसांत ग्रामसभेने जुना ठराव रद्द करून खरी हद्द लिहून पाठवली, तर समिती वस्तीला गावाबरोबर ठेवण्याची शिफारस करील. नाही पाठवली, तर रेघ आहे तिथेच राहील.

परतीच्या वाटेवर गोपाळने सेलूपर्यंत गाडी दामटली. मग रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "आण्णा, एका शब्दात माजी पाच वर्सं घालवली तुमी."

दिनकररावांना यावर उत्तर सुचलं होतं, चांगलं टोकदार. पण आजवर त्यांना अशी टोकदार वाक्यं फार सुचत आली होती, आणि त्यांचं काय झालं ते त्यांनी नुकतंच ऐकलं होतं. ते खिडकीबाहेर कापसाच्या रानांकडे बघत राहिले.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. आली नाहीत अशी माणसं कमीच होती; शाळेच्या ओसरीवर बायका, पटांगणात पुरुष, आणि फाटकाजवळ वस्तीतले लोक. गायरानालगतच्या शेतांचे मालक पुढच्याच रांगेत होते. गोपाळ अध्यक्ष म्हणून टेबलामागे बसला. बापाकडे त्याने पाहिलं नाही.

दिनकरराव उठले, आणि सवयीने काही जण हसले. आता ती गोष्ट येणार, असं त्यांना वाटलं. ती आलीच, पण ओढ्यापलीकडून आली. बसम्मा कशी बसवून ठेवली होती, ऊन किती होतं, पेन कुणाचं होतं, हे सगळं त्यांनी सांगितलं. शेवटी त्यांनी ठराव मांडला की पंचवीस वर्षांपूर्वीचा ठराव रद्द व्हावा.

ग्रामसेवकाने अनुमोदन विचारलं. पुढच्या रांगेतून कुणी हललं नाही. ज्यांनी तेव्हा वाट अडवली होती त्यांतले दोघे जमिनीकडे बघत होते, बाकीचे गोपाळकडे. दिनकररावांनी आशेने मल्लिकार्जुनकडे पाहिलं.

मल्लिकार्जुन बसल्या जागेवरून म्हणाला, "मी अनुमोदन देनार न्हाई. मागल्या बारीला मीच दिलतं. या बारीला गावानं द्यावं."

ते सगळ्यांना ऐकू गेलं. दिनकरराव उभेच होते. मग ओसरीवरून पार्वतीबाई उठल्या. चाळीस वर्षांत त्या ग्रामसभेत एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"माजं नाव लिहा," त्या म्हणाल्या. "त्या दिशी बी मी हितंच व्हते. मला कुनी इचारलं न्हाई."

त्यांच्या मागून बायकांचे हात वर झाले. मग पुरुषांतले थोडे, मग आणखी काही. पुढच्या रांगेतला एक म्हाताराही हात वर करून बसला, वर मात्र बघेना. गोपाळने स्वतः उठून हात मोजले. आपलं नुकसान तो मोजत होता, पण मोजण्यात त्याने लबाडी केली नाही; ठराव मंजूर झाल्याचं त्याने जाहीर केलं आणि रजिस्टर स्वतःकडे ओढलं. जुना ठराव रद्द, इथपर्यंत त्याने भरभर लिहिलं. पुढे त्याचा हात थांबला. शिवेचा दगड त्याच्या पिढीने कधी पाहिलाच नव्हता.

त्याने बापाला विचारलं नाही. मान वर करून फाटकाकडे पाहत तो म्हणाला, "आप्पा, शीव कुठवर लिहू?"

मल्लिकार्जुन उठून उभा राहिला.

"माजी माय हाय, तिच्या म्होरं," तो म्हणाला. "तिला आत घ्या."

गोपाळने खाली मान घालून तसं लिहिलं.