शून्य झिजलेली पट्टी

त्या काळी त्या शाळेत एक मीटरची लाकडी पट्टी एकच उरली होती. मोजायलाही तीच आणि मारायलाही तीच. तासाला येताना ती विज्ञानाच्या सरांच्या काखेत असे, मग प्रयोगासाठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरे, आणि कुणाचं उत्तर चुकलं की परत सरांच्या हातात जाई. मुलं पाठीमागे सरांनाच ‘मीटर’ म्हणत.

लंबकाच्या प्रयोगात सगळ्यांचं गुरुत्वाकर्षणाचं ‘जी’ नऊ पूर्णांक आठ यायचं. यायचं कसलं, आणायचे. पुस्तकातलं उत्तर आधी मांडायचं आणि त्यात बसतील अशा वेळा मागाहून रचायच्या. मोजणीत थोडा फरक पडतोच, तो किती ते शेजारी लिहावं, असं पुस्तकातच छापलेलं होतं. मीटरच्या वर्गात फरकाला जागा नव्हती.

टाचणीला ही रचारची जमेना. काटकुळी म्हणून ती टाचणी, आणि तोंड उघडलं की टोचायची म्हणूनही. तिच्या जोडीला गोगलगाय. चालायला, बोलायला सावकाश. पण स्टॉपवॉच धरावं तर तिनेच.

“दहा आलंय गं,” गोगलगाय कुजबुजली. “नऊ पूर्णांक आठ करून टाकू? सगळे करतात.”

“आलंय तेच लिही. मीटर काय खाणारेय आपल्याला?”

सरांनी उत्तर पाहिलं. “घड्याळ कुणी धरलं होतं?”

“मी, सर.”

“सर, दहा लिही असं मी सांगितलं तिला,” टाचणी म्हणाली.

“तुझीही पाळी येईल. एवढी घाई नको.” सर गोगलगायीकडे वळले. “डावा हात टेकव गं तू. पालथा.”

पट्टीचं टोक धारेनं बोटांवर आदळलं. ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला. गोगलगायीच्या तोंडून असा सूर निघाला की खिडकीजवळच्या मुलींनी कान झाकले. मधलं बोट भलतीकडेच वळलं होतं. फुटलेल्या नखातलं रक्त टेबलाच्या फटीतून खाली ठिबकू लागलं.

“पुन्हा करा,” सरांनी पट्टी टाचणीपुढे फेकली. “या वेळी चुकलं तर हिचा उजवा. मग परीक्षेत पायानं लिही म्हणावं.” दोघं-तिघं हसले, आपल्यावर येऊ नये म्हणून.

परीक्षा तोंडावर आली होती. टाचणीला फक्त तो उजवा हात दिसत होता. तिनं दोरी ताणली, पट्टी लावली, आणि पट्टीच्या टोकाला लागलेलं रक्त रुमालानं पुसलं. तेव्हा तिला दिसलं. टोकाची पितळी टोपी कधीच निघून गेली होती. लाकूड चेचलं जाऊन झडलं होतं, आणि एकची रेघ थेट काठावर आली होती. शून्य नव्हतंच. पोरांच्या बोटांवर झिजून ते कधीच संपलं होतं.

तिनं दहाच्या रेघेपासून मोजलं. म्हातारपणीसुद्धा कापड मोजताना ती दहापासूनच सुरुवात करायची. ती सवय तेव्हा लागली. दोरी मघा वाटली तशी पन्नास नव्हे, एकोणपन्नास सेंटीमीटर भरली. गोगलगायीनं दात आवळून एका हातानं वेळ घेतली. वेळ मघाचीच आली. उत्तर मात्र नऊ पूर्णांक आठ.

“बघा!” सर वर्गाकडे वळले. “मार बसला की घड्याळ कसं सुधारतं!”

इथं गप्प बसली असती तर निभावलं असतं.

“घड्याळ मघाशीही बरोबरच होतं,” टाचणी म्हणाली. “पट्टी चुकतेय, सर. आधी शून्य तपासा, तुम्हीच शिकवलंत. मारून मारून तुम्ही तिचं शून्य घालवलंत.”

सरांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी पट्टी उचलली, पण टाचणीकडे पाहिलंही नाही. गोगलगायीचं उजवं मनगट धरून त्यांनी ते टेबलावर दाबलं.

“हिच्या जिभेचं तू भोग.”

पट्टी वर गेली आणि टाचणीनं झेप घेतली. स्टँड कोसळला, काच फुटली. सरांच्या कोपराचा तडाखा तिच्या दातांवर बसला, तरी तिनं पट्टी सोडली नाही. ती हिसकून दोन्ही हातांनी फिरवली. चष्मा उडाला, भुवई उभी चिरली, सर स्टुलासकट आडवे झाले. ती पुन्हा मारत सुटली: खांद्यावर, पाठीवर, जिथे लागेल तिथे. सरांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले. पालथे.

पट्टी त्या बोटांवरच यायची होती. मागून कुणीतरी ती धरली. गोगलगायीचा उजवा हात होता तो.

“बास गं,” ती हुंदके देत म्हणाली. “अजून आखूड होईल ती.”

टाचणीची मूठ उघडेना. गोगलगायीनं एकेक बोट सोडवून पट्टी काढून घेतली.

टाचणीला शाळेतून काढून टाकलं. पेपरच्या दिवशी ती फाटकाबाहेर उभी राहिली, सुजलेल्या ओठांनी. पोरं बाहेर पडली. सगळ्यांच्या शेवटी सावकाश गोगलगाय आली. डावा हात पट्ट्यांत गुंडाळलेला. उजवा तिनं लांबूनच उंच केला आणि शाईनं बरबटलेली पाचही बोटं हलवून दाखवली.