हरभऱ्यावरचे पाहुणे

सीवूड्सला राहायला आल्यावर वैजयंतीबाईंना फ्लॅटपेक्षा त्यामागची रिकामी जागाच जास्त आवडली. थेट खाडीपर्यंत मोकळं रान! त्यांनी हौसेने दोन वाफे हरभरा पेरला. डिसेंबरात तो वीतभर झाला, आणि एका सकाळी बघतात तो निम्म्या वाफ्याचे शेंडे गायब.

संशय गेला तो चंद्राबाईवर. ती शेजारच्या गावातून सोसायटीत मासळी विकायला यायची, आणि तिच्या बकऱ्या सगळीकडे हिंडायच्या.

"चंद्राबाई, बकऱ्या बांधा हो. माझा हरभरा फस्त केला."

"माज्या बकऱ्यांनी?" चंद्राबाईने पाटी खाली ठेवली. "मग लेंड्या कुठं हायेत? दाखव, चल."

वाफ्यात लेंड्या नव्हत्याच. बोटभर लांब, हिरवट काहीतरी पडलं होतं.

"ही पाखराची शीट हाय, बाय. मोट्या पाखराची. उद्या पहाटं ये, दोघी बगू."

दुसऱ्या दिवशी उजाडताना दोघी भिंतीआड बसल्या. वैजयंतीबाईंच्या हातात लाटणं होतं. इतक्यात खाडीकडून आवाज करत नऊ पक्षी उतरले. अंग राखाडी, डोकं पांढरं, त्यावर मागे दोन काळे पट्टे. पंगतीला बसावं तसे ते निवांत हरभरा खुडू लागले.

"हाऽऽड!" वैजयंतीबाई लाटणं उगारून धावल्या.

आठ पक्षी बाजूला सरले. नववा मान खाली घालून, फुसफुसत सरळ अंगावर आला. वैजयंतीबाई अशा पळाल्या, की एक चप्पल वाफ्यातच राहिली. पक्ष्याने चोचीने तिचा पट्टा ओढून पाहिला. चव आवडली नसावी. चंद्राबाई हसून हसून खाली बसली.

यजमानांनी, दिनानाथरावांनी, वाचनालयातून पुस्तक आणलं. "अगं, हे पट्टकदंब! हंसाच्या जातीचे. थंडीपुरते हिमालय ओलांडून येतात."

"हिमालय ओलांडून माझ्याच वाफ्यात?" वैजयंतीबाई करवादल्या. पण संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीला ही बातमी त्यांनीच सांगितली.

चंद्राबाईपुढे मात्र त्यांना लाज वाटली. तिला घरात बोलावून त्यांनी चहा दिला. "उगाच तुमच्या बकऱ्यांवर आळ घेतला हो."

"जाऊ दे. आमच्या मिठागरावर यायची ही पाखरं, माज्या लहानपनी. मला वाटलं, बिल्डिंगी बगून वाट सोडली."

मग रोज पहाटे दोघी भिंतीआड. कुणी बघायला आलं, की वैजयंतीबाई तोंडावर बोट ठेवत. "हळू! जेवतायत."

मार्चच्या सुरुवातीला एक दिवस कुणीच उतरलं नाही. ऊन अंगावर येईपर्यंत दोघी थांबल्या.

"चल बाय," चंद्राबाई उठत म्हणाली, "गिऱ्हाईक वाट बगत असंल."

वैजयंतीबाईंनी त्या दिवशी पाटीला हात लावून ती तिच्या डोक्यावर ठेवून दिली.