पाहुणे येणार म्हणून मला उचललं

मित्रांनो, मी एक जुनी हातगाडी आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना हळव्या होतात, असं मी ऐकलं आहे. मी होणार नाही. मला राग आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही. तरी तुम्ही ऐका, कारण मोठ्या माणसांना सांगून काही उपयोग झाला नाही.

माझा जन्म भवानी पेठेतल्या एका सुतारखान्यात झाला. रंगराव नावाच्या सुतारानं बाभळीच्या लाकडाचा माझा सांगाडा केला आणि शेजारच्या लोहारानं चार चाकं बसवली. मला विकत घेतलं ते धोंडिबानं. धोंडिबा मार्केट यार्डात हमाल होता. कांद्याची पोती वाहून वाहून त्याची पाठ गेली, तेव्हा त्यानं ओझं उचलायचं सोडलं आणि मला ढकलायला सुरुवात केली. विश्रांतवाडीच्या बसथांब्याजवळ तो उकडलेल्या शेंगा विकायचा. पुढं त्याचे गुडघेही दुखू लागले. मुलगा रोहन ट्रकवर चालक, महिनामहिना बाहेर. मग धोंडिबाची सून प्रेमला माझ्यामागं उभी राहिली.

प्रेमलानं शेंगा बंद केल्या आणि झुणका-भाकर सुरू केली. तिच्या हाताची भाकरी म्हणजे काय, ते मी लाकूड असूनही सांगू शकते. परातीत थापताना तिचा जो आवाज व्हायचा, तो ऐकून रिक्षावाले रिक्षा बाजूला घ्यायचे. कॉलेजची मुलं यायची, संगणकाच्या कंपन्यांत जाणारे यायचे, झाडणाऱ्या बायका काम संपवून यायच्या. श्रीनिवासराव तर रोज यायचे. बँकेतून निवृत्त झालेले, सडपातळ, बोलणं तिरकस. पहिला घास घेऊन ते म्हणायचे, "आज मीठ बरोबर आहे. काल होतं त्याला मी मीठ म्हणणार नाही." प्रेमला हसायची आणि त्यांच्या ताटलीत ठेचा जरा जास्त वाढायची. अशी माझी कामाची वर्षं गेली. ऊन लागलं, पाऊस लागला, पण मान होता.

मग बातमी आली की पुण्यात जगातली एक मोठी क्रीडास्पर्धा भरणार. कितीतरी देशांचे खेळाडू येणार, त्यांच्या मागून पर्यटक येणार, शहराचं नाव जगभर होणार आणि सगळ्यांना काम मिळणार. सगळ्यांना, हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला. भोंगा लावलेली एक गाडी तो ओरडत रस्त्यानं फिरत होती.

एका सकाळी कादंबरी नावाची मुलगी मोठा कॅमेरा घेऊन आली. आयोजकांनी तिला पुण्याची छायाचित्रं काढायचं काम दिलं होतं. ती प्रेमलाला म्हणाली, "मावशी, कॅमेऱ्याकडे बघू नका. तुम्ही तुमचं काम करा."

"बघायला वेळ कुणाला आहे?" प्रेमला म्हणाली. "भाकरी करपेल ना."

कादंबरी खाली बसली, वर चढली, माझ्या दांड्याला टेकून उभी राहिली. शेवटी कॅमेरा बाजूला ठेवून तिनं दोन भाकरी खाल्ल्या. चांगली मुलगी होती. पुढं जे झालं त्यात तिचा दोष नाही.

महिन्याभरात आमच्याच चौकात एक प्रचंड फलक लागला. त्यावर प्रेमला होती, हातावर भाकरी होती आणि मीही होते. वर लिहिलं होतं, 'या, पुण्याची खरी चव घ्या.' पाहुण्यांना वाटायच्या पुस्तिकेतही हेच चित्र होतं. श्रीनिवासरावांनी मान वर करून फलक नीट वाचला. मग म्हणाले, "प्रेमलाताई, आता आम्हाला भाकरी मिळणार, की आधी तिकीट काढायचं?"

प्रेमलाची मुलगी पूर्वा कॉलेजात शिकत होती. ती तर नाचायचीच बाकी होती. "आई, तू व्हायरल होणार बघ! फॉरेनर लोक लाइन लावतील!"

घरात तयारी सुरू झाली. धोंडिबानं दुखऱ्या गुडघ्यांनी बसून मला पिवळा रंग दिला. नव्या ताटल्या आल्या. 'तिखट चालेल का?' हे इंग्रजीत कसं विचारायचं, ते पूर्वानं आईला शिकवलं. पीठ मळता मळता प्रेमला ते वाक्य घोकायची. चुकलं की स्वतःशीच हसायची आणि पुन्हा म्हणायची. मित्रांनो, त्या हसण्याची आठवण आली की माझा राग दुप्पट होतो.

शहरही तयारीला लागलं होतं. मी खोटं बोलणार नाही, रस्ता गुळगुळीत झाला. दिवे लागले. दुभाजकावर फुलांच्या कुंड्या आल्या. ते चांगलंच झालं. पण मग काही माणसं हिरव्या कापडाचे मोठमोठे गठ्ठे घेऊन आली. रस्त्याच्या कडेनं बांबू रोवून त्यांनी थांब्यामागची आमची अख्खी वस्ती त्या कापडानं झाकून टाकली. घरं दिसेनाशी झाली, विहार दिसेनासा झाला, दारात अभ्यासाला बसणारी मुलंही दिसेनाशी झाली.

धोंडिबा बराच वेळ बघत उभा राहिला. "मांडव घालत्यात तो माणसं बोलवायला," तो म्हणाला. "हे कापड कशाला हाय?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

स्पर्धा तोंडावर आली आणि एका सकाळी महापालिकेचा ट्रक आला. प्रेमलाच्या तव्यावर भाकरी होती. ट्रकमधून उतरलेल्या साहेबांनी नुसती मान हलवली आणि चौघांनी मला धरलं.

"अहो साहेब, थांबा!" प्रेमला ओरडली. "काय झालं? मी इथं किती वर्षं उभी राहते!"

"रस्ता मोकळा करायचाय. पाहुणे येणार आहेत."

"अहो, पण पाहुण्यांना मीच बोलावलंय ना! तो बघा तिथं फोटो. ती मीच आहे. ही गाडी तीच आहे!"

साहेबांनी फलकाकडे पाहिलं. प्रेमलाकडे पाहिलं. एक क्षण मला वाटलं, आता ते लाजतील. ते म्हणाले, "फोटो छान आलाय. गाडी उचला रे."

मला उचललं. तवा घसरला, झुणका सांडला, अर्धी भाजलेली भाकरी नव्याकोऱ्या रस्त्यावर पडली. ट्रकचं चाक तिच्यावरून गेलं. श्रीनिवासराव ताटली हातात घेऊन उभे होते.

मला एका कुंपणाच्या आवारात नेऊन टाकलं. ठेवलं नाही, टाकलं. माझं एक चाक तिथंच मोडलं. आवारात माझ्यासारख्या कितीतरी होत्या. फुलवालीचं टेबल होतं, चप्पल शिवणाऱ्याची पेटी होती, शहाळीवाल्याची सायकल होती. उसाचा रस काढायचं यंत्र आणून माझ्याच अंगावर उलटं घातलं. आम्ही सगळ्यांनी मिळून हे शहर वर्षानुवर्षं खाऊपिऊ घातलं होतं. आणि आता आम्ही कचरा होतो.

प्रेमला आवाराच्या फाटकाशी आली की रखवालदार एकच सांगायचा, "स्पर्धा होईपर्यंत काही नाही, बाई." ती जाळीतून माझ्याकडे बघायची आणि परत जायची.

यानंतर जे घडलं ते मी पाहिलं नाही. मी तिथं असायला हवी होते आणि नव्हते, याचाच मला सगळ्यांत जास्त संताप आहे. श्रीनिवासरावांनी ते नंतर इतक्यांदा सांगितलं, की मला पाठ झालं आहे.

मी जिथं उभी असायची, बरोबर त्याच जागेवर आयोजकांनी एक खोटी हातगाडी आणून ठेवली. फायबरची! तिच्यामागं फायबरची बाई. नऊवारी, नाकात भली मोठी नथ, हातात फायबरची भाकरी. पुढं पाटी, 'सेल्फी पॉइंट'. खरी गाडी रस्ता अडवत होती म्हणून उचलली, मित्रांनो, आणि खोटी गाडी तिथंच उभी केली. ती खोटी गाडी माझ्यापेक्षा रुंद होती!

पूर्वा आईला ते दाखवायला घेऊन गेली. प्रेमलानं त्या बाईला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "ही मी नव्हे. हिच्या हाताला पीठ कुठंय?"

तेवढ्यात पाहुण्यांची एक बस तिथं थांबली. पाहुण्यांना वाड्याच्या भिंती दाखवल्या होत्या, दुकानं दाखवली होती, आता फोटो काढायला आणलं होतं. त्यातली एक उंच धावपटू पुस्तिका उघडून त्या जागेवर आली. फायबरच्या भाकरीला तिनं बोट लावून पाहिलं. मग पुस्तिकेतल्या चित्राकडे पाहिलं आणि कडेला उभ्या असलेल्या प्रेमलाकडे पाहिलं. पुन्हा चित्राकडे पाहिलं.

तिनं इंग्रजीत विचारलं, "ही तुम्हीच ना?"

"हो," पूर्वा इंग्रजीतच म्हणाली. "ही माझी आई."

"मग जेवण कुठं आहे?"

पूर्वानं आईला मराठीत सांगितलं. प्रेमलानं त्या मुलीचा हात धरला, तिला रस्त्याच्या कडेला नेलं आणि हिरवं कापड दोन्ही हातांनी वर उचललं.

"चल," ती म्हणाली. "घरी."

ती मुलगी वाकून आत शिरली. तिच्या मागून तिचे सोबती शिरले. प्रेमलाच्या घरात सगळे मावेनात म्हणून गल्लीत सतरंज्या अंथरल्या. धोंडिबानं हात जोडून "जयभीम" केला. त्या मुलीनं तो शब्द नीट ऐकला आणि तसाच परत केला. गल्ली हसली. शेजारणींनी आपापल्या घरून पीठ आणलं, चुली-शेगड्या पेटल्या. आणि प्रेमलानं भाकरी वाढता वाढता घोकलेलं वाक्य म्हटलं, "तिखट चालेल का?" इंग्रजीत, न चुकता. ठेच्यानं पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी पुन्हा मागितला.

बाहेर मात्र गोंधळ उडाला होता. बस उभी, पाहुणे गायब! गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं सैरावैरा धावत होती. अखेर कुणीतरी कापड उचललं आणि तेच ट्रकवाले साहेब आत आले. "हे काय चाललंय?" ते प्रेमलावर खेकसले. "पाहुण्यांना कुठं आणलंत? काही झालं तर जबाबदार कोण?"

"जेवू घातलं साहेब," प्रेमला म्हणाली. "तुम्हीच लिहिलंय ना तिथं, या म्हणून."

ती धावपटू उठून उभी राहिली. तिनं बाहेरच्या हिरव्या कापडाकडे बोट दाखवलं आणि साहेबांना काहीतरी विचारलं. साहेबांनी पूर्वाकडे पाहिलं.

पूर्वा म्हणाली, "ती विचारतेय, हे कापड कशासाठी लावलंय?"

साहेब घसा खाकरत म्हणाले, "सांगा, धूळ येऊ नये म्हणून."

"मी नाही सांगणार," पूर्वा म्हणाली. "खोटं भाषांतर मला येत नाही. तुम्हीच सांगा."

साहेबांनी घड्याळाकडे बोट दाखवून पाहुण्यांना बसकडे चला म्हणून हात केला. पाहुणे एकेक करून उठले, प्रेमलाला भेटले आणि बसमध्ये जाऊन बसले.

तुम्हाला वाटेल, आता न्याय झाला असेल. छे! दुसऱ्या दिवशी ते कापड तारेनं घट्ट शिवून टाकलं आणि वस्तीच्या तोंडाशी पहारा बसला. शाळेत जाणाऱ्या पोरांनाही ओळख सांगून बाहेर पडावं लागलं. कादंबरीनं ही हकीकत ऐकली तेव्हा ती थेट आयोजकांकडे गेली आणि म्हणाली, "माझं चित्र उतरवा, नाहीतर त्या बाईला तिची गाडी परत द्या." त्यांनी चित्र उतरवलं. तिथं एका बंगल्यांच्या योजनेची जाहिरात लावली.

स्पर्धा संपली. पदकं वाटली गेली, विमानं उडाली, हॉटेलांच्या खोल्या रिकाम्या झाल्या. कुंड्यांना पाणी घालणारं कुणी उरलं नाही. पर्यटक रांगा लावून येणार होते, ते काही आले नाहीत.

मग एके दिवशी प्रेमला, धोंडिबा, पूर्वा आणि श्रीनिवासराव अशी चौघं आवारात आली. साहेबांनी आळस देत सांगितलं, "घेऊन जा आता. हरकत नाही."

प्रेमला जागची हलली नाही. "साहेब, एक सांगा. त्या दिवशी माझी गाडी तिथं उभी राहणं गुन्हा होता. आज नाही. मधे काय बदललं?"

"काय बदलणार? पाहुणे गेले."

"म्हणजे गुन्हा गाडीचा नव्हता," श्रीनिवासराव शांतपणे म्हणाले. "तुम्हाला आमचीच लाज वाटत होती. तसं स्पष्ट लिहून एक फलक लावायचा होता. शुद्धलेखन मी तपासून दिलं असतं."

माझ्या अंगावरून यंत्र काढलं. तीन चाकांवर मला चालता येईना. तेव्हा श्रीनिवासरावांनी चष्मा खिशात ठेवला, बाह्या वर केल्या आणि माझा मोडका कोपरा उचलून धरला. भर उन्हात, भर रस्त्यानं सगळ्यांनी मिळून मला विश्रांतवाडीपर्यंत नेलं.

आता मला नवं चाक बसलं आहे. ते बाकीच्या तिन्हींशी जुळत नाही, त्यामुळं मी चालताना लंगडते. फळी चिरली ती चिरलीच. प्रेमला पुन्हा भाकरी थापते. पण हल्ली कुठलाही ट्रक हळू झाला की तिचा हात परातीवर थांबतो. ही भीती तिच्या हातात आधी नव्हती. ती कुणी घातली, ते मी तुम्हाला सांगितलं आहे.

मित्रांनो, तुमच्या गावातही कधीतरी जगाचे पाहुणे येतील. यावेतच. रस्ते धुवा, दिवे लावा, त्यांना पोटभर जेवू घाला. पण त्या दिवसांत शाळेत जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नीट बघा. कालपर्यंत तिथं फुलवाली होती का? चप्पल शिवणारे काका होते का? कुणाची घरं होती का? ती दिसत नसतील, तर घरी जाऊन विचारा, शाळेत विचारा, साहेबांना गाठून मोठ्यानं विचारा, "आमची माणसं कुठं ठेवलीत?" ते तुम्हाला गप्प बसायला सांगतील. बसू नका.