तिघांचं एकमत

मी कपाटातला मीटर बोलतोय. व्होल्ट मोजणं हे माझं काम. दोन भावांच्या चार्जर बनवण्याच्या कारखान्यात माझं आयुष्य गेलं. टेबलावरचे दोन मीटर रोज राबायचे, आपटायचे, तेलकट व्हायचे. मी मात्र मखमली डबीत. अधूनमधून मला बाहेर काढून त्या दोघांचे आकडे माझ्याशी जुळवून घ्यायचे. मी दाखवीन ते खरं.

धाकटा दरवर्षी म्हणायचा, "दादा, यालाही एकदा प्रयोगशाळेत पाठवून तपासून घेऊ."

"अरे, तो नुसता पडून तर असतो," थोरला हसायचा. "झोपलेल्याला कसला थकवा? आणि तो गेल्यावर इथले आकडे कशाशी जुळवू, तुझ्या डोक्याशी?"

धाकटाही हसायचा. डबी बंद व्हायची.

पण वय डबीतही होतं. वर्षं गेली तसा मी खऱ्यापेक्षा कमी दाखवू लागलो. मला ते कळलं नाही. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं. मला तेही नव्हतं. टेबलावरचे दोघे माझ्यावरून जुळवलेले, म्हणून तेही तेवढेच चुकले. आकडा कमी दिसतो म्हणून भाऊ चार्जरचं व्होल्टेज वाढवत राहिले.

गिऱ्हाइकांकडून जास्त चार्ज होऊन फुगलेल्या बॅटऱ्या येऊ लागल्या. थोरल्याने एका चार्जरला तिन्ही मीटर लावले. तिन्हींवर एकच आकडा.

"बघ, तिघं सांगताहेत. बॅटऱ्याच फालतू आहेत."

"तिघं कुठले, दादा? ते दोघं याचंच ऐकून बोलतात."

"बरं बाबा, एवढी ऑर्डर जाऊ दे. मग याला तपासायला पाठवू."

ऑर्डर जायच्या आत, चाचणीला लावलेली बॅटरी धाकटा वाकून पाहत असताना फुटली. ॲसिड डोळ्यांत गेलं. थोरला त्याच्या तोंडावर पाणी ओतत राहिला, रिक्षा येईपर्यंत ओतत राहिला. डोळे वाचले नाहीत.

मग मला पाठवलं. दुरुस्त होऊन, पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेली नवी चिठ्ठी चिकटवून मी परत आलो. धाकटा त्याच्या जुन्या खुर्चीत बसला होता. त्याने मला हातात घेतलं, बोटांनी चिठ्ठी चाचपली.

"दादा, पुढची तारीख कधीची?"

थोरल्याने वाचून दाखवली.

"लक्षात ठेव हं. मला आता वाचता यायचं नाही."

तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी डबीत जपलेला असेल, तर त्याला वेळेवर बाहेर पाठवा. तो बरोबर आहे की नाही, हे त्याच्याकडे बघून ठरवू नका. मी आज ठाम आकडा दाखवतो. त्या दिवशीही इतकाच ठाम होतो.