साडूंच्या घरची अमेरिका

जयसिंगरावांनी पाळण्यात वाकून बाळाचं नाक, कान, कपाळ नीट न्याहाळलं. ही मुलगी अमेरिकन कुठून, ते काही त्यांना सापडलं नाही. रंग साहेबरावांचा, नाक साहेबरावांचं, आणि रडणंही दौंडच्याच पट्टीतलं.

"इथल्याच दवाखान्यात जन्मली ना ही?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"व्हय. रेल्वे लायनीच्या पलीकडं," साहेबराव म्हणाले. ते जयसिंगरावांचे थोरले साडू. रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त.

"मग तिकडची कशी?"

उत्तर साहेबरावांच्या लेकीनं दिलं. अनितानं आणि तिच्या नवऱ्यानं दोन वर्षांपूर्वी तिकडं हात वर करून शपथ घेतली होती. तरी पहिलं बाळंतपण माहेरीच, या आईच्या हट्टापायी ती पोट सांभाळत विमानानं दौंडला आली होती.

"काका, आम्ही दोघंही आता तिकडचे नागरिक. मूल कुठंही होऊ दे, आमच्यामागून तेही तिकडचंच. इथलं धरतच नाहीत."

जयसिंगराव खुर्चीत बसले. बर्फी पुढं आली, ती त्यांनी नको म्हटली. मग दोन घेतल्या.

साडूंचं घर दुमजली होतं, पेन्शन जाड होती, गुडघेसुद्धा शाबूत होते. हे सगळं जयसिंगराव सहन करत आले होते ते एका विश्वजीतच्या जोरावर. हा त्यांचा नातू न्यू जर्सीत जन्मला होता. मुलाची तिकडची नोकरी गेली, बिऱ्हाड शिरूरला परत आलं, पण पोराचा तिकडचा निळा पासपोर्ट राहिला. लग्नात, दहाव्याला, एसटी स्टँडवर जयसिंगराव ओळख करून देत, "हा आमचा अमेरिकन." अमेरिकन त्या वेळी शेंबूड ओढत बोरं खात असे. त्याच्या व्हिसाची मुदत कधीच संपली होती. मुलगा अधूनमधून आठवण करून द्यायचा. "माझ्या घरात माझ्या नातवाला राहायला परवानगी कुणाची?" एवढं बोलून जयसिंगराव विषय मिटवायचे. त्याला भारतीय करून घ्यावा, तर निळा पासपोर्ट जाणार. ते तर बोलायचंच नाही.

आणि आता ही सव्वा महिन्याची पोरगी. विमानाचं तोंडसुद्धा न पाहता.

तेवढ्यात दारात हवालदार आले. मुलीला देशाबाहेर न्यायचं तर आधी पोलिसांची चौकशी लागते, तीच करायला ते आले होते. हवालदारांनी टोपी मांडीवर ठेवली, बशीत चहा ओतला आणि लिहायला घेतलं.

"परदेशी व्यक्ती या घरात राहण्याचं कारण?"

"आजोळ," साहेबराव म्हणाले.

"तसं न्हाई बसत, आप्पा. पर्यटन टाकतो."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. साहेबरावांच्या चेहऱ्यावर तेज चढलेलं जयसिंगरावांना दिसलं आणि त्यांना राहवेना.

"हवालदारसाहेब, नियम म्हंजी नियम," ते म्हणाले. "परदेशी माणूस घरात ठेवलं की ठाण्यात वर्दी द्यावी लागती. सव्वा महिना झाला, यांनी दिली का?"

हसणं थांबलं. जयसिंगरावांच्या पत्नी शेवंताबाई नवऱ्याकडं बघतच राहिल्या.

"पाव्हण्यांना बरंच ठाऊक दिसतंय," हवालदारांनी मान वर केली. "कुठलं आपण?"

"शिरूर."

"तुमच्याकडं हाय का कुणी परदेशी?"

जयसिंगरावांचं तोंड सवयीनं उघडलं. ते तसंच राहिलं.

"न्हाई," शेवटी ते म्हणाले. "आमच्याकडं कुठलं."

"नातवंडं?"

"एक हाय."

"त्याचा जन्म?"

जयसिंगरावांनी पाण्याचा तांब्या शोधला.

"शिरूरचाच," साहेबराव शांतपणे म्हणाले. "घोडनदीच्या दवाखान्यातला. सुनंच्या बाळंतपणात मीच डबा घेऊन जायचो रोज. आता ह्या उशिराचं म्हणाल, तर चूक माझी. लिहा तसं."

हवालदारांनी लिहिलं, उरलेला चहा संपवला, पाळण्यातल्या पर्यटकाला चुटकी वाजवली आणि ते गेले.

शेवंताबाईंनी कपबश्या गोळा केल्या. साहेबरावांनी पाळण्याची दोरी ओढली. जयसिंगराव गुडघा चोळत राहिले.

"दौंडाहून शिरूरला रोज डबा?" अखेर ते म्हणाले. "आणि आमच्या घरचं बाळंतपण, तुम्ही कशाला न्याल? मी मेलो होतो का?"

"बरं," साहेबराव म्हणाले. "पुन्हा कुणी विचारलं, तर तुम्ही नेला म्हणून सांगतो."